बाळाच्या बाप्तिस्म्याची तयारी : आई हिंदू, वडील कॅथलिक, मुक्काम इंदूर

रामबागची लेक

नमस्कार. आमचे घर इंदूरच्या रामबागेतले, चार पिढ्यांपासून मराठी. माझे यजमान वसईचे कॅथलिक. नोकरीनिमित्त इंदुरात आले आणि इथलेच झाले. चार वर्षांपूर्वी बिशपांची रीतसर परवानगी घेऊन आमचे लग्न वसईच्या चर्चमध्ये लागले. त्या वेळी यजमानांनी एका कागदावर सही केली होती, की आपली श्रद्धा आपण सोडणार नाही आणि होणाऱ्या मुलांना कॅथलिक श्रद्धेत बाप्तिस्मा देऊन वाढवण्यासाठी आपल्याकडून होईल तेवढे सगळे करू. माझ्याकडून कोणतेही वचन घेतले नव्हते. या वचनाची मला पूर्ण कल्पना दिली आहे, एवढीच नोंद त्याखाली होती. लग्नाच्या धांदलीत तो कागद मी बँकेचा अर्ज वाचावा तसा वाचला. आता मुलगी पाच महिन्यांची झाली आहे आणि तो कागद रोज आठवतो.

मुलीचे नाव रेवा. बाराव्या दिवशी बारसे झाले, रिवाजाप्रमाणे आत्याने कानात नाव सांगितले, आणि आत्या म्हणजे माझी कॅथलिक नणंद. तिने आधी आपल्या पद्धतीने बाळाच्या कपाळावर अंगठ्याने क्रूस काढला आणि मग कुर्रर्र केले. कोणाला काही खटकले नाही. बाप्तिस्म्याचे मात्र इतके सहज होईल असे दिसत नाही. आमच्या चर्चच्या फादरांनी ११ जानेवारीचा रविवार सुचवला आहे, आणि त्याआधी दोन रविवार आईवडिलांनी व धर्ममाता-धर्मपित्यांनी (म्हणजे गॉडपेरेंट्सनी) तयारीच्या वर्गाला बसावे असे सांगितले आहे.

माझी खरी अडचण अशी, की विधीत आईवडिलांना श्रद्धेविषयी प्रश्न विचारतात आणि त्यांना ‘होय, माझा विश्वास आहे’ असे उत्तर द्यायचे असते, असे ऐकले. माझी मुलगी तिच्या वडिलांच्या श्रद्धेत वाढावी याला माझी मनापासून संमती आहे, पण जो विश्वास माझा नाही तो आहे असे मी चर्चमध्ये, तेही तिला मांडीवर घेऊन, म्हणणार नाही. मग मी तिथे उभी राहू शकते का, की मागच्या बाकावर बसायचे? दुसरे म्हणजे माझ्या भावाला धर्मपिता व्हायची फार हौस आहे. ते चालते का? तिसरे, रेवा हे नर्मदेचे नाव असल्यामुळे वसईला सासूबाईंच्या मनात शंका आहे. चौथे, हा सोहळा वसईलाच व्हावा असा त्यांचा आग्रह आहे. अनुभवी मंडळींनी कृपया सविस्तर लिहावे.

आगाशीकर

ताई, मी वसईत बावीस वर्षे बाप्तिस्म्यापूर्वीच्या तयारीचा वर्ग घेत आले आहे, त्यामुळे तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर मी खात्रीने देते. मागच्या बाकावर मुळीच बसू नका. १९६९ साली बालकांच्या बाप्तिस्म्याचा जो सुधारित विधी आला, त्याच्या प्रस्तावनेतच तुमच्यासारख्या आईचा विचार केलेला आहे. आईवडिलांपैकी एखादा कॅथलिक नसल्यामुळे किंवा अशाच अन्य कारणाने श्रद्धेची कबुली देऊ शकत नसेल, तर त्याने त्या वेळी मौन पाळावे. बाळाला बाप्तिस्म्याच्या श्रद्धेचे शिक्षण मिळेल याची तजवीज त्याने करावी, निदान त्याला परवानगी द्यावी, एवढीच अपेक्षा त्याच्याकडून ठेवली आहे. म्हणजे तुमचे मौन ही फादरांनी केलेली सवलत नव्हे. विधी लिहिणाऱ्यांनीच ती जागा तुमच्यासाठी मोकळी सोडलेली आहे.

तरीही विधीत तुम्हाला काय काय विचारले जाईल हे आधी माहीत असलेले बरे, कारण सगळे प्रश्न एका जातीचे नाहीत. सुरुवातीला चर्चच्या दाराशीच फादर तुमचे स्वागत करतील आणि बाळाचे नाव काय ठेवले, ख्रिस्तसभेकडे काय मागता, असे विचारतील. नाव तुम्ही सांगा. त्यात विश्वासाचा प्रश्न नाही. मग मुलीला श्रद्धेत वाढवण्याची जी जबाबदारी घेत आहात ती समजते का, असे विचारतील. तुम्हाला ती समजते, हे तुमच्या पत्रावरूनच दिसते. त्यानंतर फादर आणि त्यांच्यामागून आईवडील व धर्ममाता-धर्मपिता बाळाच्या कपाळावर क्रूसाची खूण करतात. तुम्हाला करावीशी वाटली तर करा, नाही वाटली तर बाळाला धरून उभे राहणे पुरेसे आहे.

पुढे शास्त्रवाचन, प्रार्थना, छातीवर पहिल्या तेलाचे लेपन आणि पाण्यावरचा आशीर्वाद झाला, की सैतानाचा त्याग आणि श्रद्धेची कबुली येते. तुमचे मौन इथे. पण पाणी ओतण्याच्या अगदी आधी आणखी एक प्रश्न असतो, आणि आमच्या वर्गात मी सर्वांत जास्त वेळ त्याच्यावर घालवते. आम्ही सर्वांनी तुमच्याबरोबर जी श्रद्धा आता प्रकट केली, त्या ख्रिस्तसभेच्या श्रद्धेत या बालकाला बाप्तिस्मा मिळावा अशी तुमची इच्छा आहे काय, असा तो प्रश्न आहे. विश्वास आहे का आणि इच्छा आहे का, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. दुसऱ्याचे ‘होय’ तुम्हाला म्हणता येईल की नाही हे यजमानांनी, सासूबाईंनी किंवा मी ठरवायचे नाही. त्याचे उत्तर वर्गाला जाण्यापूर्वी तुमच्यापाशी तयार असावे, एवढेच सुचवते.

भावाबद्दल वाईट वाटते, पण ते शक्य नाही. धर्मपिता किंवा धर्ममाता स्वतः कॅथलिक, दृढीकरण (कन्फर्मेशन) झालेली, ख्रिस्तप्रसाद (कम्युनियन) घेणारी, साधारणपणे सोळा वर्षे पूर्ण केलेली आणि श्रद्धेप्रमाणे जगणारी असावी लागते, आणि बाळाचे आईवडील स्वतः ती जागा घेऊ शकत नाहीत. दोघे हवेतच असेही नाही. एकच चालतो, आणि दोन असतील तर एक स्त्री व एक पुरुष. बाप्तिस्मा झालेली पण कॅथलिक नसलेली व्यक्ती, उदाहरणार्थ प्रोटेस्टंट मित्र, एखाद्या कॅथलिक धर्ममातेच्या जोडीला साक्षीदार म्हणून उभी राहू शकते. तुमच्या भावाला ती वाटही नाही. मात्र बाळाला घालायचे पांढरे वस्त्र घरच्यांनी आणावे अशी विधीची अपेक्षा असते. मामाने आणलेले झबले नको कोण म्हणेल?

स्थळाविषयी : आईवडील राहतात त्या धर्मग्रामाचे (पॅरिशचे) चर्च हे बाप्तिस्म्याचे मुख्य ठिकाण. योग्य कारण असल्यास दुसरीकडे करता येतो, पण वसईचे फादर तुमच्याकडून इंदूरच्या फादरांचे पत्र मागतील. माझे मत विचाराल तर इंदुरातच करा. मुलगी जिथे वाढणार तिथल्या लोकांसमोर तिचा बाप्तिस्मा झाला तर त्या लोकांनाही आपली जबाबदारी कळते. वसईची मेजवानी मे महिन्यात घाला.

लष्करवाला, ग्वाल्हेर

मला या चर्चेत खोडा घालायचा नाही, परंतु एक साधी शंका आहे. आईचा विश्वास नाही, बाळाला काही कळत नाही, आणि वडिलांनी सही केली ती बाळाच्या जन्मापूर्वी. मग मुलगी अठरा वर्षांची होईपर्यंत थांबून तिलाच ठरवू द्यायला काय हरकत आहे?

आगाशीकर

बालकांच्या बाप्तिस्म्याला हरकत घेणारे ख्रिस्ती पंथही आहेत; बाप्टिस्ट मंडळी तर स्वतः कबुली देऊ शकणाऱ्यालाच बाप्तिस्मा देतात. कॅथलिक परंपरा मात्र बाप्तिस्म्याला माणसाने केलेली निवड मानण्याआधी देवाकडून मिळालेली देणगी मानते, आणि देणगी घेण्यासाठी वयाची अट नसते. बाळाने पुढे काय करायचे ते पुढे आहेच, दृढीकरणाच्या वेळी ते स्वतःच्या तोंडाने बोलते. आपण मुलाला मातृभाषाही त्याला न विचारताच देतो. मात्र बाळ कॅथलिक म्हणून वाढेल अशी साधार आशा हवी, हा नियम आहे. ती अजिबात नसेल, तर कारण समजावून सांगून बाप्तिस्मा पुढे ढकलण्याची सूचना धर्मगुरूंना आहे. तेव्हा तुमची शंका चर्चलाही अपरिचित नाही. आपण मूळ विषयाकडे वळू.

पलासियाकर

आम्ही इंदूरचेच मराठी कॅथलिक. वडील अहमदनगरकडून इकडे आले. नावाबद्दल लिहितो, कारण माझ्या मुलाच्या वेळी आमच्याही घरात यावरून दोन महिने अबोला होता.

संताचेच नाव हवे असा समज जुन्या पिढीत घट्ट बसलेला आहे, आणि १९८३ पूर्वीच्या नियमावलीमुळे तो बसला यात त्यांचा दोष नाही. १९८३ च्या धर्मसंहितेत, म्हणजे कॅथलिक चर्चच्या नियमांच्या ग्रंथात, मात्र एवढेच म्हटले आहे, की ख्रिस्ती भावनेला परके असलेले नाव देऊ नये, याची आईवडिलांनी, धर्ममाता-धर्मपित्यांनी व धर्मगुरूंनी काळजी घ्यावी. नदीचे नाव परके कसे? येशूचा स्वतःचा बाप्तिस्मा नदीतच झाला. शिवाय फादरांनी सुचवलेला ११ जानेवारीचा रविवार हा येशूच्या बाप्तिस्म्याचा सण आहे, हे तुमच्या लक्षात आले असेलच.

सासूबाईंचे मन राखायचे असेल तर दुसरे नाव जोडा आणि ते इथल्या मातीतले जोडा. सिस्टर राणी मारिया मूळच्या केरळच्या, पण काम केले ते आपल्या शेजारच्या देवास जिल्ह्यात, उदयनगर भागातल्या शेतमजुरांमध्ये. २५ फेब्रुवारी १९९५ रोजी इंदूरकडे येणाऱ्या बसमध्ये त्यांची हत्या झाली, आणि ४ नोव्हेंबर २०१७ रोजी इंदुरातच त्यांना धन्य (संतपदाच्या आधीची पायरी) घोषित करण्यात आले. त्या दिवशी मी मुलाला खांद्यावर घेऊन मैदानात उभा होतो. त्यांच्या सख्ख्या बहिणीने त्यांच्या मारेकऱ्याला क्षमा करून राखी बांधली होती, हे इंदूरच्या चर्चमध्ये लहान मुलांनाही ठाऊक असते. ‘रेवा मारिया’ म्हटले की वसईच्या आजींना मरियामाता सापडेल आणि तुम्हाला उदयनगर.

आणखी एक. इंदुरात विधी हिंदीत होईल, क्वचित इंग्रजीत. ‘पल्ली पुरोहित’ (धर्मग्रामाचे फादर), ‘धर्ममाता’ असे शब्द कानावर पडतील. उत्तरे हिंदीत द्यायची असतात, त्यामुळे तुमच्या यजमानांनी ती आधी मोठ्याने म्हणून पाहावीत. वसईकडच्या माणसाला प्रभूची प्रार्थना हिंदीत म्हणताना मध्येच मराठी येते. माझे वडील शेवटपर्यंत तशीच म्हणत.

सयाजीगंज, वडोदरा

घाईविषयी कोणी लिहिले नाही म्हणून लिहितो. आमचा मुलगा आठव्या महिन्यात जन्मला आणि वडोदऱ्याच्या एका रुग्णालयात काचेच्या पेटीत एकोणीस दिवस होता. तिसऱ्या रात्री डॉक्टरांनी आशा कमी असल्याचे सांगितले. ड्यूटीवरच्या परिचारिका केरळच्या कॅथलिक होत्या. त्यांनी आम्हाला विचारले, आम्ही होकार दिला, आणि सलाइनच्या बाटलीच्या झाकणात निर्जंतुक पाणी घेऊन त्यांनी त्याच्या कपाळावर तीन वेळा थेंब थेंब ओतत ते वाक्य म्हटले : मी तुला पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने बाप्तिस्मा देते. बस, एवढेच. जिवावरचा प्रसंग असेल तेव्हा योग्य हेतू असलेली कोणीही व्यक्ती बाप्तिस्मा देऊ शकते, हे मला त्या रात्री कळले. ताई, ती व्यक्ती स्वतः ख्रिस्ती असण्याचीही अट नाही.

मुलगा वाचला, आता दुसरीत आहे. घरी आल्यावर माझ्या सासूबाईंनी चर्चमध्ये ‘खरा’ बाप्तिस्मा करा असा हट्ट धरला. फादरांनी समजावले, की तो झालेला आहे, पुन्हा होत नसतो. मग चर्चमध्ये उरलेले विधी झाले, तेललेपन, पांढरे वस्त्र, मेणबत्ती वगैरे, पण पाणी पुन्हा ओतले नाही. परिचारिकांनी नेमके कोणते शब्द म्हटले आणि पाणी खरोखर त्वचेवरून वाहिले का, एवढे मात्र फादरांनी त्यांना फोन करून विचारले. शब्दांबाबत चर्च फार काटेकोर आहे. ‘मी’ऐवजी ‘आम्ही बाप्तिस्मा देतो’ असे म्हटले तर तो ग्राह्य नाही, असा खुलासा रोमने २०२० साली केला.

तुमच्या सासूबाई घाई करत असतील तर त्यामागे जुनी भीती असू शकते. बाप्तिस्म्याविना गेलेले मूल ‘लिंबो’त अडकते, असे आमच्या आज्यांना शिकवले गेले होते. २००७ साली रोममधल्या ईशज्ञानविषयक आयोगाने यावर लिहिताना, अशा बालकांच्या तारणाची आशा धरायला गंभीर आधार आहेत असे म्हटले. पहिल्या काही आठवड्यांत बाप्तिस्मा द्यावा असे नियम सांगतो हे खरे, पण नीट तयारीसाठी लागलेला वेळ हा हलगर्जीपणा नव्हे.

दप्तरदार

कागदपत्रांचे थोडक्यात. नगर निगमचा जन्मदाखला, आईवडिलांचा चर्चमधला विवाह दाखला, वडिलांचा बाप्तिस्मा दाखला आणि धर्ममातेच्या धर्मग्रामातून ती पात्र असल्याचे पत्र, इतके जवळ ठेवावे. जन्मदाखल्यावर नाव घालायचे राहिले असेल तर ते आधी घालून घ्यावे, कारण चर्चच्या नोंदवहीत उतरलेले स्पेलिंग पुढे ख्रिस्तप्रसाद, दृढीकरण आणि लग्न अशा प्रत्येक वेळी समोर येते. दृढीकरणाची व लग्नाची नोंदही त्याच पानावर, बाप्तिस्म्याच्या नोंदीशेजारी केली जाते.

मध्य प्रदेशात २०२१ चा धार्मिक स्वातंत्र्य अधिनियम लागू आहे. धर्म बदलू इच्छिणाऱ्याने व तो विधी करणाऱ्या धर्मगुरूने ६० दिवस आधी जिल्हा दंडाधिकाऱ्यांना कळवावे, अशी तरतूद त्यात आहे. तान्ह्या मुलाचा आईवडिलांच्या इच्छेने होणारा संस्कार आणि सज्ञान माणसाचे धर्मांतर या निराळ्या गोष्टी आहेत. तरीही ज्या घरात आईवडिलांचे धर्म वेगळे आहेत, त्यांनी धाग्यावरच्या मतांवर न विसंबता एखाद्या वकिलाला सगळे कागद एकदा दाखवावेत आणि दोघांच्या सहीचे संमतिपत्र चर्चच्या दप्तरी ठेवावे. चर्चच्या नियमाने एका पालकाची संमती पुरते, पण इथे दोघांची लेखी असलेली बरी.

रामबागची लेक

सर्वांचे मनापासून आभार. वकिलांना भेटून आलो, दोघांच्या सहीचे पत्र दिले, आणि काल वर्गाचा पहिला रविवार झाला. त्याविषयी लिहिते, कारण जे घडले ते मला अपेक्षित नव्हते.

चर्चमागच्या खोलीत आम्ही पाच जोडपी होतो. सिस्टरांनी टेबलावर एक स्टीलचे पातेले, पाण्याचा तांब्या, दोन छोट्या कुप्या, एक मेणबत्ती आणि एक पांढरे फडके ठेवले होते. कुप्यांमधले तेल त्यांनी आमच्या मनगटावर लावून वास घ्यायला सांगितला. एकाला नुसता तेलाचा वास होता, दुसऱ्याला बाल्समचा सुगंध. हे अभिमंत्रित तेल नव्हे, फक्त ओळख व्हावी म्हणून आणलेले, असेही त्यांनी आवर्जून सांगितले. खरी तेले वर्षातून एकदा, पवित्र सप्ताहात बिशपांच्या हस्ते आशीर्वादित होतात आणि तिथून सगळ्या चर्चना जातात. सुगंधी ते क्रिझम, पाण्यानंतर डोक्याला लावायचे.

मग त्यांनी एकेका जोडप्याला विचारले, की तुम्हाला मुलाचा बाप्तिस्मा कशासाठी हवा आहे. मी माझे उत्तर दोन आठवडे घोटून ठेवले होते. पण सिस्टरांनी आधी यजमानांना विचारले. ते म्हणाले, ‘आमच्याकडे करतात.’ सिस्टर थांबून राहिल्या. ते म्हणाले, ‘आईला बरे वाटेल.’ सिस्टर अजून थांबलेल्याच. मग त्यांनी अगदी सौम्यपणे विचारले, की शेवटची मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना) कोणत्या रविवारी ऐकली. हे नाताळला आणि ईस्टरला जातात, एरवी रविवारी सकाळी पोहे-जिलेबी आणायला जातात. पाच जोडप्यांसमोर त्यांचे कान लाल झालेले मी पाहिले. इतके दिवस प्रश्न माझ्या विश्वासाचा आहे अशा समजुतीत मी होते.

दुसरी अडचण म्हणजे धर्मपिता. यजमानांचे इथले जिवलग मित्र त्यांनी ठरवले होते, ते चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचे, म्हणजे प्रोटेस्टंट, निघाले. चार वर्षे आम्ही एकमेकांच्या घरी जेवतो, पण हे मला माहीत नव्हते. आगाशीकर काकूंनी लिहिल्याप्रमाणे ते आता साक्षीदार असतील आणि नणंद धर्ममाता. भाऊ थोडा रुसला होता, पण झबल्याचे काम त्याने अंगावर घेतले आहे.

आणखी एक घरगुती प्रश्न. रेवाची ही पहिली संक्रांत. आईला बोरन्हाण करायचे आहे, काळे झबले, हलव्याचे दागिने, सगळे. बाप्तिस्मा ११ तारखेला आणि संक्रांत १४ ला. आई म्हणते, एका आठवड्यात पांढरे आणि काळे दोन्ही घालणार का पोरीला? आणि तान्ह्या बाळाला नखशिखान्त कोरे पांढरे तिला पाहवत नाही. बोरन्हाणाने चर्चच्या बाजूने काही दोष येतो का?

आगाशीकर

बोरे, चुरमुरे, उसाचे करवे आणि शेजारची दहा पोरे जमवून बाळाला आंघोळ घालण्यात चर्चला काय दोष दिसणार! ऋतू बदलताना बाळ बाधू नये म्हणून केलेला तो कौतुकाचा सोहळा आहे. आमच्या वसईतही लग्नघरात हळद लागतेच. फक्त दोन्ही गोष्टी एका दिवशी, एका मांडवात उरकू नका, म्हणजे पाहुण्यांचाही गोंधळ होणार नाही. आईंना सांगा, पांढऱ्याला बारीक काठ चालतो.

तुमच्या यजमानांविषयी दोन शब्द, कारण मला ते जवळचे वाटले. बावीस वर्षांत मी पाहिले आहे, की दोन्ही पालक कॅथलिक असलेली जोडपी वर्गात घड्याळ बघतात, आणि ज्या घरात एक जण बाहेरचा असतो तिथे प्रश्न येतात. तुम्ही त्यांना रागावू नका. मिस्सेला जा असेही म्हणू नका, ते सांगणे तुमचे नाही. फक्त रात्री बाळ झोपल्यावर त्यांच्याकडून प्रेषितांचा विश्वासांगीकार (श्रद्धेच्या कबुलीची ती ठरलेली प्रार्थना) एकदा म्हणून घ्या, म्हणजे तुम्ही मौन पाळाल तेव्हा त्यांच्या तोंडून काय निघणार आहे हे तुम्हालाही माहीत असेल. मार्कच्या शुभवर्तमानातला दहाव्या अध्यायातला भागही वाचून ठेवा, ‘बालकांना माझ्याकडे येऊ द्या’ हा. बहुधा तोच वाचला जाईल.

जानेवारीत इंदुरात थंडी असते, तेव्हा पाणी कोमट करून घ्यायची आठवण द्या. विधीच्या नियमांत त्याची परवानगी आहे आणि तरीही दरवर्षी कोणीतरी विसरते.

रामबागची लेक

रविवारी बाप्तिस्मा झाला. ज्यांनी इतके लिहिले त्यांना सांगणे माझे कर्तव्य आहे.

पाणी विसरले गेलेच. साडेदहाच्या मिस्सेआधी मी विचारले, तेव्हा सेवेकरी मुलाने कपाळाला हात लावला आणि मागच्या खोलीतून किटली आणली. दारात फादरांनी नाव विचारले, मी ‘रेवा मारिया’ म्हटले. सासूबाई वसईहून आल्या होत्या; ‘रेवा’ला त्यांनी डोळे मिटले आणि ‘मारिया’ला उघडले, असे भाऊ नंतर सांगत होता. क्रूसाची खूण मी केली. करणार नाही असे ठरवले होते, पण नणंदेने केली तेव्हा बारशाचा दिवस आठवला आणि माझा अंगठा आपसूक गेला. त्यात कबुली नव्हती, आपल्या लेकराच्या कपाळाला आईचा हात लागावा तसा तो लागला.

श्रद्धेच्या प्रश्नांच्या वेळी फादरांनी कोणतीही घोषणा केली नाही, नुसते यजमानांकडे आणि नणंदेकडे पाहून विचारले. यजमानांचा आवाज पहिल्या उत्तराला घोगरा होता, तिसऱ्याला स्पष्ट. मी गप्प होते आणि रेवाने माझे मंगळसूत्र मुठीत धरून तोंडात घातले होते. ते सोडवण्यात मला बरे काम मिळाले. मग इच्छेचा तो प्रश्न आला. यजमान ‘हाँ’ म्हणाले आणि मीही म्हणाले. ते उत्तर माझ्यापाशी पहिल्या वर्गापासून तयार होते.

पाणी ओतताना ती रडली नाही, क्रिझम लावताना रडली. भावाने महेश्वरहून पांढरे सुती कापड आणून झबले शिवून घेतले होते, एका बोटाएवढा जरीचा काठ असलेले, आणि त्या काठामुळे आई निश्चिंत होती. मोठ्या पास्का-मेणबत्तीवरून (ईस्टरच्या मेणबत्तीवरून) यजमानांनी छोटी मेणबत्ती पेटवली. शेवटी आईसाठी वेगळा आशीर्वाद असतो हे मला कोणी सांगितले नव्हते. आधी आईसाठी, मग वडिलांसाठी. फादरांनी माझ्याकडे पाहून तो म्हटला, आणि त्या वेळी काही उत्तर द्यायचे असते की नाही हे न कळून मी नमस्कार केला.

संध्याकाळी आईने मला हळूच विचारले, की डोक्याला ते सुगंधी लावले आहे तर आज न्हाऊ घालायचे की नाही. सासूबाई म्हणाल्या, आज राहू द्या. आईने फक्त हातपाय पुसले.

लष्करवाला, ग्वाल्हेर

वाचून आनंद झाला. माझी शंका अजून आहे, पण ती तुमच्या घरासाठी नाही. एक विचारतो : मुलीने पुढे विचारले, की तू त्या वेळी गप्प का होतीस, तर काय सांगाल?

रामबागची लेक

जे झाले तेच सांगेन, की मला तेवढेच खरे बोलता येत होते, आणि तिथे तेवढे चालते असे वसईच्या एका काकूंनी सांगितले होते. आता बोरन्हाण रविवारी, १८ तारखेला ठरले आहे. सासूबाई त्यासाठी थांबल्या आहेत आणि हलव्याचा हार त्यांनी स्वतः ओवायला घेतला आहे. दप्तरदारांसाठी : चर्चच्या दाखल्यावर रेवाचे स्पेलिंग एका अक्षराने चुकले आहे, उद्या दुरुस्तीला जाते.